मोरूकाकांचं ‘नाही’

४ नोव्हेंबर

ही वही प्रयोगशाळेच्या नोंदींसाठी घेतली होती. तिथलं सगळं आता लॅपटॉपवर जातं, म्हणून हिच्यात कुरकूर लिहिणार आहे. कुठेतरी केलीच पाहिजे. आई म्हसळ्याहून फोन करते, “पूनम, बरी आहेस ना?” विचारते, आणि मी “हो” म्हणते. तेवढ्यावर आमचं बोलणं भागतं.

उरणला खोली मिळाली. समोरून कंटेनरचे ट्रेलर गेले की मांडणीवरची भांडी थरथरतात. पहिल्या दिवशी मला वाटलं भूकंप झाला. घरमालकीण म्हणाली, होईल सवय.

उद्यापासून मोरू ठाकूर यांच्या घरी जायचं. साठीचे गृहस्थ आहेत. तीन वर्षांपूर्वी मेंदूच्या बुडाशी रक्ताची गाठ अडकली आणि तेव्हापासून अंगातलं काही म्हणजे काही हलत नाही. जीभ नाही, बोट नाही, पापणीसुद्धा मर्जीने मिटत नाही. आत माणूस जागा आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. ते शोधायला आमच्या संस्थेने मला पाठवलं आहे. डोक्यावर तारांची टोपी घालायची, मेंदूतली वीज मोजायची आणि त्यावरून माणूस ‘हो’ म्हणतोय की ‘नाही’ ते ओळखायचं. ऐकायला जादू, करायला हमाली.

५ नोव्हेंबर

घर दोन मजली, गुळगुळीत फरशीचं. दारात ट्रेलर उभा. तो मुलाचा, केतनचा. बंदरासाठी जुनं गाव उठलं तेव्हा या वस्तीत सगळ्यांना जागा मिळाल्या. पाटीवर ‘नवे मांडखार’ लिहिलं आहे.

केतनला घाई होती. “मॅडम, क्लियर सांगा. बाबांना कळतंय की नाय, येवढंच. कळत नसेल तर पनवेलला सेंटर आहे. एसी आहे, नर्स आहे. इथे काय नि तिथे काय. आईची पण लाईफ आहे ना.”

आई दारातच उभी होती. सगुणाकाकी. बारीक, काटक, हातात वाटी. मुलासमोर काही बोलली नाही. ट्रेलर वळणापलीकडे गेल्यावर म्हणाली, “त्याना सगला कलतं. तुजे मशीनला काय इचारायचा तं इचार बायो. पन ह्याना कुठं नेवाचा नाय.”

टोपी घातली तर एकही तार पकडेना. डोक्याला खोबरेल थापलेलं. “पाव्हनी येनार म्हटल्यावर डोका कोरडा कसा ठेवू?” काकीने मलाच विचारलं. पाहुणी म्हणजे मी. दोनदा शाम्पूने डोकं धुतलं, त्यात सकाळ गेली. मला राग आला होता. मग काकीने तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं आणि राग ठेवायला पोटात जागा उरली नाही.

११ नोव्हेंबर

टोपी आज नीट बसली. शिकवणी अशी: उजव्या हाताची मूठ मनातल्या मनात आवळायची, म्हणजे ‘हो’. डाव्या हाताची आवळली, म्हणजे ‘नाही’. हात हलत नसला तरी हलवायचा नुसता विचार केला की मेंदूची लय बदलते आणि मशीन ती ओळखायला शिकतं. पण त्यासाठी तेच तेच शेकडो वेळा करून घ्यावं लागतं. उजवी. थांबा. डावी. थांबा. पंखा बंद, कारण वाऱ्याने तारा हलतात. शेजारणीने मिक्सर लावला की सगळं वाया. माझा घसा बसला.

मोरूकाकांचे डोळे अर्धे उघडे आणि छताकडे. त्यांना कंटाळा येत असेल का, असा विचार आला. मग वाटलं, तो येण्याइतके ते जागे असले तर माझं कामच झालं.

काकी खाटेच्या पायाशी बसून, माझा आवाज ऐकत, स्वतःच मुठी आवळत होती.

२० नोव्हेंबर

शंभरात ऐंशी वेळा बरोबर! सांगेन ती मूठ आवळतात. मी खुर्चीतून उठले, काय करावं कळेना, परत बसले. माणूस आत आहे. निदान हुकूम पाळणारा कुणीतरी आत आहे.

हितेश सरांना फोन केला. ते या प्रकल्पाचे प्रमुख. खूश झाले आणि लगेच वेळापत्रक सांगितलं. आता प्रश्न विचारायचे. फेब्रुवारी संपायच्या आत प्रश्नांना शंभरात सत्तर तरी बरोबर यायला हवेत, नाहीतर मशीन पुण्याच्या पेशंटकडे जाईल. आणि शनिवारी मी पेणचा आणि अलिबागचा पेशंटही बघावा. मी म्हटलं, हो सर.

२६ नोव्हेंबर

प्रश्नांना सुरुवात. ज्यांची उत्तरं आपल्याला आधीच माहीत आहेत असेच प्रश्न आधी विचारायचे, त्याशिवाय मशीनची परीक्षा कशी होणार? माहिती केतनने फोनवर दिली. तो बंदराच्या गेटवर रांगेत होता, मागे हॉर्न. “बाबांचं नाव मोरू. आई सगुणा. गाव नवं मांडखार. आम्ही दोघं, मी नि ताई. बस, सिंपल आहे मॅडम.”

सिंपल नाही. ‘तुमचं नाव मोरू का?’ हो. ‘तुमचं नाव रंगू का?’ नाही. इथवर छान. ‘तुमच्या बायकोचं नाव सगुणा का?’ तर डावी मूठ. नाही. पुन्हा विचारलं. नाही.

काय चुकलं, काय बरोबर आलं हे घरच्यांना सांगायचं नाही असा आमचा नियम आहे. सांगितलं की घरचे पेशंटला खुणावतात, उत्तर भरवतात. म्हणून स्क्रीन नेहमी माझ्या बाजूला वळवलेला. काकी समोर बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी चेहरा कोरा ठेवला. चाळीस वर्षं संसार केला त्या बाईचं नाव नवऱ्याला आठवत नाही, हे तिला कोण सांगणार? नियम आहे ते बरंच.

९ डिसेंबर

अठ्ठावन्न. नाणं उडवलं असतं तर पन्नास आले असते.

स्वतःचं नाव विचारलं की बरोबर. आज दिवस आहे का, तुम्ही खाटेवर आहात का, बरोबर. बायकोचं नाव, चूक. ‘तुमचं गाव नवं मांडखार का?’ नाही म्हणतात. ‘तुम्हाला दोन मुलं आहेत का?’ नाही. आणि हे तीनच प्रश्न मी उलटसुलट करून सर्वांत जास्त विचारते, कारण कुटुंब, गाव, मुलं एवढं तरी माणसाला आठवायला हवं ना. आज मी मोठ्याने, सावकाश विचारलं, जणू ते बहिरे आहेत. तेच उत्तर, ठाम. चुकायचं तर निदान अडखळत चुकावं.

सरांचं म्हणणं, मुठी आवळण्याचा भाग शाबूत आहे, पण समज गेली असावी. मलाही तेच वाटू लागलंय. स्वतःच्या नावाला तर झोपलेलं माणूसही हुंकार देतं.

निघताना काकी म्हणाली, “आज बरा बोललं कं?” मी म्हटलं, बघू या.

२३ डिसेंबर

आज काम झालं नाही. काकीचा भाऊ दादू आला, शेतातल्या वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला घेऊन. मागच्या अंगणात शेंगा नि पाला मडक्यात भरून, ते उपडं घालून भोवती जाळ केला, पोपटी लावली. आल्या आल्या त्याने पायरीवरूनच हाक दिली, “गो तुलशे, पानी दे!” माहेरचं नाव तुळशी असावं. मग मोरूकाकांच्या उशाशी बसून तासभर बोलत राहिला. जुन्या मांडखारचा बांध, मिठागराची राखण, तिथल्या देवळापुढची चिंच, हे सगळं कसं बंदराच्या भरावाखाली गेलं. “भावजी, आपला गाव तं गेला,” असं दर दोन वाक्यांनी म्हणत होता. मी टोपी हातात घेऊन ताटकळत होते आणि घड्याळ बघत होते.

पोपटी मात्र छान झाली होती. ओव्याचा वास केसांना अजून आहे.

१२ जानेवारी

पित्त. पेणला जाऊन आले, अलिबागला जाऊन आले, आज पुन्हा मांडखार. आईचा फोन आला होता. माणगावचं एक स्थळ आहे, मुलगा बँकेत आहे. बघायला येऊ देत का? मी म्हटलं, हो, येऊ देत. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मला बघायचंच नाहीये कुणाला. आता परत फोन करून कोण सांगणार?

दुपारी प्रश्न विचारता विचारता मला खुर्चीतच झोप लागली. लाज वाटावी अशी गोष्ट, पण एवढी गाढ झोप मला महिन्याभरात लागली नव्हती. जाग आली तेव्हा अंगावर काकीची शाल होती आणि ती खालच्या आवाजात मोरूकाकांना विचारत होती, “पोरीला उठवू, कं निजू देव?” अगदी तान्ह्या मुलाशी बोलावं तसा आवाज. ती त्यांच्याशी नेहमी असंच बोलते, मऊ, जपून, जणू मोठ्याने बोललं तर तडा जाईल. बंद टोपीकडे बघून मग तिनेच उत्तर दिलं, “निजू दे बोलतात.”

३० जानेवारी

सरांनी निर्णय घेतला. मोरू ठाकूर यांना अभ्यासातून वगळायचं. शेरा: आकलन शंकास्पद. मशीन पुण्याला. मी म्हटलं, सर, अजून एक महिना आहे. ते म्हणाले, अगं, एकसष्टवर अडकलंय, उगीच ओढू नको, तूही दमली आहेस. ते खरं होतं. मी म्हटलं, हो सर.

केतनला सांगावंच लागलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ठीक आहे मॅडम. निदान क्लियर झालं.” सेंटरवाल्यांनी पंधरा तारखेची खाट दिली आहे.

काकीला मी नाही सांगितलं. ते केतन सांगेल. मला खरंच आता कुणालाही काहीही सांगायचा कंटाळा आला आहे.

१० फेब्रुवारी

आज जे झालं ते सुचेल तसं लिहिते.

मशीन आणायला गेले. काकीचे डोळे सुजलेले. चहा दिला. मी तारा गुंडाळत होते, तेव्हा एकदम म्हणाली, “बायो, येवढा तरी सांग. काय चुकलं ते?”

नियमाचं आता काय लोणचं घालायचं होतं? मी सांगितलं. म्हटलं, काकी, वाईट वाटून घेऊ नका, आजारात होतं असं. पण ‘बायकोचं नाव सगुणा का’ म्हटलं की ते नाही म्हणतात. प्रत्येक वेळी.

काकी हातातली बशी घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “मंग बरोबर बोललं.”

“म्हणजे?”

“सगुना सासूने ठेवला. लग्नाचे दिशी, ताटान तांदूल घेवून लिवला. मी तुलशी. सासू व्हती तवर ह्यानी मना हाकच मारली नाय, ‘ए’ बोलायचं. सासू गेली, तवापासून तुलशी. पोरांसमोर नाय, दोघंच असलो का.” आणि थांबून, “सगुना कागदावर हाय.”

माझ्या हातातली तार खाली पडली. “आणि गाव? नवं मांडखार त्यांचं गाव नाही म्हणतात.”

“नायच! यो काय गाव हाय? यो प्लाट हाय.” काकीचा आवाज चढला होता. “दुसरा काय?”

मुलांचं विचारायला माझी जीभ रेटेना. पण तिनेच माझ्याकडे बघून ओळखलं. बशी खाली ठेवली. “दोन नाय गो. तीन. पयली पोर. सव्वा म्हयन्याची व्हती. केतनला ठावं नाय. काय सांगावाचा व्हता त्याला?”

 मोरूकाका छताकडे बघत होते. महिनोन्महिने हा माणूस मला खरं सांगत होता आणि मी ते चूक म्हणून मोजत होते. मोठ्या आवाजात, बहिऱ्याला विचारावं तसं, खोटंच परत परत विचारत होते.

गुंडाळलेल्या तारा परत सोडल्या. जेल फरशीवर सांडलं. ‘तुमच्या बायकोचं नाव तुळशी का?’ उजवी मूठ. ‘तुमचं गाव जुनं मांडखार का?’ उजवी. ‘तुम्हाला तीन मुलं?’ उजवी. खोटे प्रश्नही घातले मध्येमध्ये, सगळे उडवून लावले त्यांनी. मग जुनी सगळी उत्तरं पुन्हा मोजली. ब्याऐंशी.

नियम मोडून स्क्रीन काकीकडे वळवला आणि सांगितलं, हिरवं म्हणजे हो. तिने पदराने स्क्रीन पुसला. मी मशीनच्या खोक्यावर बसून रडले. आनंदाने की शरमेने, ते आता मला विचारू नये.

११ फेब्रुवारी

केतन गेटवरून सुट्टी घेऊन आला. खाटेपाशी उभा राहिला, दोन्ही हात पँटच्या खिशात. त्याला बापाशी बोलायची सवयच राहिली नसावी. “बाबा, पनवेलला जायचं?” लाल. “घरीच राहायचं?” हिरवं.

“क्लियर आहे,” तो म्हणाला, आणि बाहेर गेला. खिडकीतून दिसलं, फडकं घेऊन ट्रेलरची काच पुसत होता. ती आधीच स्वच्छ होती.

सर तर फोनवर आनंदाने ओरडलेच. चोवीस तारखेला ज्यांच्या निधीवर प्रकल्प चालतो ते पाहुणे येणार आहेत, त्यांना हे प्रत्यक्ष दाखवायचं, मोरूकाकांच्या घरीच. तोवर रोज दोनदा सराव. हो सर.

१७ फेब्रुवारी

घराची जत्रा झाली आहे. मोरूकाका बोलतात म्हणून सगळी वस्ती प्रश्न घेऊन येते. कुणाला बांधाची हद्द विचारायची, कुणाला जुनं भांडण मिटवायचं. एकाने तर क्रिकेटचा सामना कोण जिंकणार ते विचारलं. मी त्याला हाकललं.

सगळ्यांत जास्त प्रश्न काकीचे. थंडी वाजते कं? उशी बदलू? रवा पातल झाला कं? (तो नळीने जातो, तरी विचारते.) आठवतं, आपून खारीत पकट मासली पकरलेली? हिरवं लागलं की तिचा चेहरा नवरीसारखा होतो. “तीन वर्सांचा बोलना साचलाय गो,” म्हणते. मी टोपी काढायला गेले तर म्हणते, आजून एक इचारू दे.

मोरूकाकांच्या डोक्यावर टोपीच्या खाली लाल चट्टे उठलेत. मी म्हटलं, एक दिवस थांबू या का? काकी म्हणाली, “त्याना बरा वाटतं. मी वलखते ना.” मी मलम लावलं. मला स्वतःला संध्याकाळी जेवण बनवायचीही ताकद नसते. पोहे खाते आणि पडते.

१९ फेब्रुवारी

सरांनी सांगितलं होतं की पाहुण्यांपुढे एक तरी असा प्रश्न हवा ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही. काय विचारावं सुचेना. काकी विहिरीवर गेली होती. सहज म्हणून विचारलं, ‘उद्या पुन्हा टोपी घालू या का?’

लाल.

वाटलं, तार हलली असेल. तपासली. पुन्हा विचारलं. लाल. मी स्क्रीन बंद केला, जणू कुणी बघेल.

एवढ्या महिन्यांत हा प्रश्न कुणीच त्यांना विचारला नव्हता. संमतीची सही केतनची आहे.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, थकवा असेल, दोन दिवस विश्रांती दे, मग विचार. एका उत्तराने काही सिद्ध होत नाही. शास्त्र म्हणून हे अगदी बरोबर आहे. पण ‘घरीच राहायचं’ हे आम्ही एका उत्तरावर मानलं होतं, तेव्हा कुणी थकवा म्हटलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी

दोन दिवस मशीन पडदा घालून ठेवलं. काकीला सांगितलं, तपासणी चालू आहे. आज विचारलं. ‘टोपी घालत राहू या का?’ लाल. उलटं करून विचारलं, ‘टोपी नको का?’ हिरवं. ‘कायमची नको का?’ हिरवं. ‘दुखतं म्हणून नको का?’ लाल. म्हणजे चट्ट्यांचं कारण नाही. मग कशाने? ते हो आणि नाहीमध्ये मावत नाही. कदाचित तो माणूस तीन वर्षांत जिथे जाऊन बसला आहे तिथे त्याला शांत बसू द्यायला हवं. कदाचित मी अशी काव्यं करणं बंद करायला हवं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हे ‘नाही’ खरं मानलं तर काम इथेच संपतं, परवाचे पाहुणे रिकाम्या हाताने परततात. खोटं मानलं तर तुळशी खोटी, गाव खोटं, ती पोर खोटी. एकदा मी त्यांचं नाही चूक म्हणून मोजून झालंय. पुन्हा नाही मोजणार.

सरांना म्हटलं, परवाचं होणार नाही. पेशंटने नकार दिला आहे.  ते थंडपणे म्हणाले, तुझं कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत आहे ना? म्हटलं, हो सर. फोन ठेवला आणि लक्षात आलं की मला भूक लागली आहे. डाळभात केला. बऱ्याच दिवसांनी.

२३ फेब्रुवारी

काकीला सांगणं सरांना सांगण्यापेक्षा कठीण होतं.

“तुजी मशीन बिगारली,” ती म्हणाली. मी म्हटलं, तुम्हीच विचारा. टोपी शेवटची घातली, स्क्रीन तिच्याकडे केला आणि बाजूला झाले.

ती खाटेच्या अगदी जवळ बसली. मऊ आवाजात म्हणाली, “आवं, ही टोपी बरी हाय ना? घालू ना रोज?” लाल. “थोरा येल तरी? सकाली?” लाल. “नको कं?” हिरवं.

“मंग माज्याशी बोलनार कसं तुमी?”

याला उजवी-डावी काही नाही. स्क्रीन करडाच राहिला. काकी त्याच्याकडे बघत थांबली. मग उठली आणि आत गेली. आत भांडं आदळल्याचा आवाज आला, मग दुसरं. मला वाटलं रडत असेल. मी तिच्यामागे जाणार तेवढ्यात तीच बाहेर आली, कमरेला पदर खोचलेला, हातात पळी.

“आधीपन असंच व्हतं!” हा आवाज मी ऐकलाच नव्हता. खणखणीत, दोन घरं पलीकडे जाईल असा. “मिठागरावं गेलं का गप्पा, नि घरान आलं का तोंडाला कुलूप! चालीस वर्सां मीच बोलते. भिंतीशी बोलते! आता देवाने येक वाट दिली, पोरगी एवरी मशीन घेवून आली, तं आठ दिसान दमलं! बाकीच्यांना हद्दी सांगितल्यात. मना काय सांगितलंत? उशी बरी हाय! रवा बरा हाय!”

मी खाटेकडे बघितलं. मोरूकाकांचे डोळे तसेच, अर्धे उघडे. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते बघायचं साधन माझ्या हातात होतं आणि मला ते बघावंसं वाटलं नाही. मी हळूच मशीन बंद केलं, टोपी सोडवली, कपाळावरचं जेल ओल्या फडक्याने पुसलं. काकी थांबेना. माझ्याकडे वळून म्हणाली, “तू जा गो बायो. आमचा चाललाय.”

टोपी धुवायला मागच्या नळावर बसले. एकेका तारेतून जेल काढावं लागतं, घाई करून चालत नाही. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. आता काकी कुठल्याशा लग्नावर आली होती, ज्यात ते वरातीबरोबर गेले ते दुसऱ्या दिवशी घरी आले, आणि तिने रात्रभर वाट बघितली, आणि आल्यावर काय म्हणाले तर काही नाही, आंघोळ करून मिठागरावर. आवाज तेवढाच चढा. तीन वर्षं ती त्यांच्याशी आजाऱ्याशी बोलावं तशी बोलत होती. आज नवऱ्याशी भांडत होती.

मोरूकाका काही बोलत नव्हते. आणि काकी प्रत्येक वाक्यानंतर थांबत होती, त्यांच्या बोलण्याला जागा ठेवून.